परसदारचीं पाखरें

(नभोवाणीवरील भाषण)

पक्षी पाहावयाचे म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें दुर्बीण, खाकी पोषाख, पहाटेची गाडी आणि एखादें दूरचें अरण्य उभें राहतें. आमच्या वाशीम जिल्ह्यांत तशीं स्थळें नाहींत असें नव्हे. कारंजा-सोहोळचें काळविटांचें अभयारण्य आहे. वाशीम शहरानजीक एकबुर्जीचा जलाशय आहे. पैनगंगा, अडाण, अरुणावती, काटेपूर्णा या नद्यांचे कांठ आहेत. परंतु आज मी आपणांस तेथें नेणार नाहीं. मला बोलावयाचें आहे तें घराच्या मागल्या दारीं, मोरीपाशीं, कडुनिंबाच्या सावलींत येणाऱ्या पाखरांविषयीं. मूठभर दाणे आणि परळभर पाणी ठेवून, हातचें काम न सोडतां जें पाहतां येतें, तेवढेंच आजच्या भाषणाचें निमित्त.

पाखरांस दाणा घालणें ही आपल्याकडे नवी गोष्ट नव्हे. पितृपक्षांत कावळ्याची वाट पाहणारें घर आपणां सर्वांच्या परिचयाचें आहे. खळ्यावरून धान्य घरीं आलें कीं ज्वारीच्या भरल्या कणसांची एक जुडी ओसरीच्या आढ्याला टांगावयाची, अशी रीत पूर्वीं खेड्यापाड्यांतून होती. चिमण्या त्या जुडीला उलट्या लोंबकळत, भांडत आणि दाणे टिपीत. माझी आई अजून सांगते कीं त्या जुडीचे दाणे मोजून कोणी ठेवीत नसे. ती सरली कीं दुसरी बांधीत. हल्लीं बाजारांत पक्ष्यांच्या दाण्यासाठीं जीं प्लॅस्टिकचीं आणि लांकडाचीं पात्रें मिळतात, तीं म्हणजे त्याच जुडीचा नवा अवतार होय.

मग आतांच हा विषय काढण्याचें कारण काय, असें आपण विचाराल. कारण असें कीं आमच्या भोंवतालचें शिवार बदललें आहे. पूर्वीं या भागांत खरिपाला ज्वारी आणि कापूस यांचें प्राबल्य असे. ज्वारीचें कणीस उघडें; त्याचा दाणा पाखराच्या चोंचींत बरोबर मावणारा. उभ्या पिकांत, खळ्यांत आणि पुढें कडब्याच्या गंजींत सांडलेला दाणा पाखरांस महिनेच्या महिने पुरे. गेल्या तीन-चार दशकांत ज्वारीची जागा सोयाबीननें घेतली. तिच्या जोडीला तूर आणि रब्बीला हरभरा. सोयाबीनचा दाणा शेंगेंत बंद, आकारानें मोठा आणि कठीण. चिमणीला अगर मुनियेला तो असून नसल्यासारखाच. यांत शेतकऱ्यास दोष देण्याचें कारण नाहीं. ज्याला दोन पैसे अधिक मिळतात तें पीक तो घेणार, आणि ज्वारीची राखण करण्यास आज माणूस मिळत नाहीं हेंहि खरें. दुसरीकडे गांवांतील कवेलूंचीं घरें जाऊन सिमेंटच्या सपाट छपरांचीं घरें झालीं. कवेलूंखालच्या फटींत आणि आढ्याच्या भोकांत चिमणी घरटें करी. ती जागा गेली. एकाच पिढींत शेतांतला दाणा कमी झाला आणि गांवांतला निवाराहि कमी झाला.

येथें एक खुलासा केला पाहिजे. चिमणी आतां नाहींशीच होणार, असें आपण वारंवार ऐकतों. २० मार्च हा दिवस २०१० सालापासून जागतिक चिमणी दिन म्हणून पाळला जातो, आणि त्या दिवशीं हा सूर विशेष ऐकूं येतो. परंतु भारतांतील पक्ष्यांच्या स्थितीविषयीं २०२० सालीं जो अहवाल प्रसिद्ध झाला, त्यांत देशाचा एकंदर विचार करतां चिमणीची संख्या स्थिर आढळली. घट दिसली ती मोठ्या महानगरांत. तेव्हां आपल्या मूठभर दाण्यावर चिमणीची जात तगून आहे, असा अभिमान आपण बाळगूं नये. आपण दाणा घालावा तो पाखरें जवळ यावींत, आपणांस तीं नीट दिसावींत आणि कठीण दिवसांत त्यांस थोडा आधार व्हावा म्हणून.

आमच्याकडे या उद्योगाची सुरुवात दाण्यानें झाली नाहीं, पाण्यानें झाली. वैशाखांतली दुपार होती. निंबाखालीं एक साळुंकी चोंच उघडी टाकून, पंख अंगापासून दूर धरून बसली होती. माझ्या मुलीला वाटलें ती आजारी आहे. वास्तविक ती उन्हानें कासावीस झाली होती. पाखरांस आपल्यासारखा घाम येत नाहीं; चोंच उघडून, धापा टाकून, श्वासावाटे वाफ बाहेर घालवून तीं आपलें अंग निववितात, आणि त्यांत शरीरांतलें पाणी खर्च होतें. फळें अगर किडे खाणाऱ्या पाखरांस अन्नांतूनच थोडाफार ओलावा मिळतो. सुका दाणा खाणाऱ्यांस मात्र पाणी प्यालेंच पाहिजे. मुलीनें कुंभाराकडचें एक पसरट परळ आणून पाणी भरून ठेवलें. पहिले दोन दिवस त्याकडे कोणी फिरकलें नाहीं. तिसऱ्या दिवशीं सातभाईंचा कलकलाट करणारा थवा उतरला, आणि त्या दिवसापासून आमचें परस पाखरांच्या वहिवाटींत दाखल झालें.

पाण्याचें भांडें कसें असावें हें आधीं सांगतों, कारण दाण्यापेक्षां त्याचें महत्त्व अधिक. भांडें मातीचें व खरबरीत असावें, म्हणजे पाय घसरत नाहींत. पाणी दोन इंचांहून खोल नसावें. मधें एक सपाट दगड ठेवला तर लहान पाखरूंहि निर्धास्त उतरतें. जागा सावलींतली पाहावी. जवळच एखादी फांदी असावी, म्हणजे पाखरांस उडून बसतां येतें; परंतु मांजरास दबा धरून बसतां येईल असें झुडूप सात-आठ फुटांच्या आंत नसावें. पाणी रोज ओतून नवें भरावें. यांत पाखरांचें हित आहे आणि आपलेंहि, कारण सांचलेल्या पाण्यांत डांसाची पिढी साधारण आठ-दहा दिवसांत तयार होते.

पाणी पितांना पाहणें हीच एक करमणूक आहे. चिमणी, साळुंकी, बुलबुल हीं पाखरें चोंच बुडवून घोट घेतात आणि मान वर करून तो गिळतात. होल्याचें तसें नाहीं. होला आणि पारवा चोंच पाण्यांत बुडवितात आणि मान वर न करतां एकसारखें पाणी ओढून घेतात. हा फरक कोणी सांगितल्यावांचून माझ्या मुलीच्या ध्यानांत आला. पुस्तकांत तो पुढें सांपडला, तेव्हां तिला आपणच तो शोध लावल्याचा आनंद झाला. आणि एका अर्थीं तिनें तो लावलाच होता.

आतां दाण्याविषयीं. ज्वारी, बाजरी, राळे आणि तांदळाची कणी हीं लहान पाखरांस मानवतात. या दाण्यांवर चिमण्या येतात, होले येतात, कधीं फिकट तपकिरी रंगाच्या आणि जाड चोंचीच्या मुनियांचा लहानसा थवा येतो. पपईची फोड, केळ्याचा तुकडा अगर पेरू ठेवल्यास साळुंकी, बुलबुल आणि पोपट हजर होतात. तळलेले पदार्थ, खारे शेंगदाणे, बिस्किटें, पाव आणि उरलेलें तिखट अन्न घालूं नये. आपण तें प्रेमानें घालतों, परंतु मीठ व तेल त्यांच्या प्रकृतीस अपायकारक असतें.

परंतु परसांतील निम्मीं पाखरें दाण्याकडे ढुंकूनहि पाहत नाहींत, हेंहि लक्षांत ठेवावें. शिंपी, दयाळ, चीरक आणि कोतवाल हे किड्यांवर जगणारे. शिंजीर फुलांतला मध आणि लहान कीटक खातो. त्यांच्यासाठीं खरें पात्र म्हणजे झाड. आमच्या डाळिंबाच्या आणि जास्वंदीच्या फुलांवर जांभळा शिंजीर येतो. विणीच्या हंगामांत नर उन्हांत निळाजांभळा चकाकतो. हंगाम सरला कीं तो रंग उतरून मादीसारखा मळकट होतो आणि गळ्याखालीं फक्त एक काळी रेघ उरते. पहिल्या वर्षीं आम्हांस वाटलें नर कोठें निघून गेला. तो तेथेंच होता. त्यानें पोषाख बदलला होता.

आणि चिमणी जरी दाणे खाणारी असली तरी तिचीं पिलें पहिले कांहीं दिवस बहुतेक अळ्या आणि किडे यांवरच वाढतात. आईबाप दिवसभर त्यांची ने-आण करतात. म्हणून ज्या घरीं दाण्याचें पात्र सुंदर टांगलें आहे आणि गुलाबांवर मात्र दर आठवड्यास विषारी औषधाचा फवारा चालतो, त्या घरीं चिमणी जेवील. पण तिला तेथें संसार करतां येणार नाहीं.

श्रोतेहो, रोजच्या पाखरांत पाहण्यासारखें काय आहे, असें वाटणें साहजिक आहे. त्यासाठीं एक जुनी हकीकत सांगतों. सुप्रसिद्ध पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली हे १८९६ सालीं जन्मले. दहा वर्षांच्या आसपास वय असतांना घोड्यांच्या पागेंतील भिंतीच्या भोकांत अंड्यांवर बसलेली एक चिमणी त्यांनीं पाहिली. भोकापाशीं खिळ्यावर नर पहारा करीत असे. त्या काळच्या मुलांच्या रीतीस अनुसरून त्यांनीं छऱ्याच्या बंदुकीनें तो नर टिपला. थोड्या वेळानें पाहतात तों मादीनें दुसरा नर मिळविलेला! असे सात दिवसांत आठ नर त्यांनीं मारले. ही शिकार आज आपणांस मुळींच रुचणार नाहीं. परंतु त्या मुलानें जें पाहिलें तें लिहून ठेवलें, आणि पुष्कळ वर्षांनीं तें टिपण शास्त्रज्ञांच्या उपयोगी पडलें. पुढें त्याच बंदुकीनें त्यांच्या हातून एक निराळी चिमणी पडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ती कोणती, हें विचारण्यास ते १८८३ सालीं मुंबईस स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटींत गेले. तेथील सचिव मिलार्ड यांनीं त्यांस पक्ष्यांचा संग्रह उघडून दाखविला आणि एका आयुष्याची दिशा ठरली. आपल्या हातीं बंदूक नको, वही असावी, एवढाच फरक करून ही वाट आपणांस मोकळी आहे.

आतां जी गोष्ट सांगावयाची ती सुखाची नाहीं. परंतु ती सांगितल्यावांचून हें भाषण प्रामाणिक होणार नाहीं. दुसऱ्या वर्षाच्या पावसाळ्यांत आम्ही दाण्याचें पात्र तसेंच टांगलेलें ठेवलें होतें. रोज वरून नवा दाणा पडे. खालचा भिजून काळा पडला होता, त्यास बुरशीचा वास येऊं लागला होता आणि पात्राच्या कडांवर विष्ठा वाळून बसली होती. दाणा पुष्कळ आहे, पाखरें पुष्कळ येतात, या समाधानांत आमचें तिकडे लक्ष गेलें नाहीं. एके सकाळीं निंबाखालीं एक होला पिसें फुगवून बसलेला दिसला. जवळ गेलें तरी तो उडेना. घास गिळण्याचा प्रयत्न करी आणि तो बाहेर पडे. दुपारीं तो मेला. दोन दिवसांनीं दुसरा तसाच मेला. मुलीनें मला विचारलें, "बाबा, आपल्या दाण्यानेंच मेले का हे?"

मला तिला लगेच उत्तर देतां आलें नाहीं. ओळखीच्या एका पशुवैद्यांस मीं लक्षणें सांगितलीं. ते म्हणाले, तपासणी केल्यावांचून खात्रीनें बोलतां येणार नाहीं. परंतु होले व पारवे यांच्या घशांत एका सूक्ष्म जंतूमुळें असा रोग होतो, आणि एकाच घाण भांड्यांत अनेकांनीं चोंच घातली कीं तो पसरतो. नंतर मीं याविषयीं वाचलें, तेव्हां आपण एकटेच अपराधी नाहीं हें कळलें. पण त्यानें समाधान झालें नाहीं. इंग्लंडांत घरोघरीं बागेंत पक्ष्यांस दाणा घालण्याची मोठी हौस आहे. तेथें २००५ सालाच्या सुमारास हाच रोग हिरव्या फिंच पाखरांत शिरला. ब्रिटनमध्यें त्यांची संख्या अदमासें ४३ लाख होती, ती २००९ पर्यंत २८ लाखांवर आली. अमेरिकेंत १९९४ सालीं घरोघरच्या दाण्याच्या पात्रांवर येणाऱ्या फिंच पाखरांत डोळ्यांचा एक सांथीचा रोग प्रथम दिसला आणि थोड्याच वर्षांत तो त्या देशाच्या पूर्व भागांत सर्वत्र पसरला. रानांत जीं पाखरें पांगून खातात तीं आपण एका ताटांत आणून बसवितों. त्या ताटाची जबाबदारी मग आपली होते.

मुलीला मीं सांगितलें, "दाण्यानें नव्हे, आपल्या आळसानें मेले असावेत." तेव्हांपासून घरांत कांहीं नियम ठरले. एका दिवसांत संपेल तेवढाच दाणा घालावयाचा. आठवड्यांतून एकदां, आणि पावसाळ्यांत दोनदां, पात्र व परळ गरम पाण्यानें घांसून उन्हांत कोरडें करावयाचें. खालीं सांडलेला भिजका दाणा झाडून टाकावयाचा. पात्राची जागा मधून मधून बदलावयाची. एखादें पाखरूं आजारी दिसलें तर दोन-तीन आठवडे सारेंच बंद ठेवून त्यांस पांगूं द्यावयाचें. आणि हें सर्व झाल्यावर साबणानें हात धुवावयाचे. पावसाळ्यांत रानांत किडे, गवताचें बीं यांची वाण नसते. म्हणून आतां त्या महिन्यांत आम्ही दाणा बहुधा घालीतच नाहीं.

दुसरा प्रश्न प्रमाणाचा. दाण्याचा ढीग घातला कीं चिमण्या मागें पडतात आणि पारव्यांचें राज्य होतें. मुंबईस कबुतरखान्यांचा वाद २०२५ सालीं उच्च न्यायालयापर्यंत गेला, तो आपण वृत्तपत्रांत वाचला असेल. एका बाजूस भूतदया होती. दुसऱ्या बाजूस सुकलेल्या विष्ठेच्या धुळीनें फुप्फुसांचा विकार जडलेले लोक होते. दोन्ही गोष्टी खऱ्या. म्हणून आमच्या घरीं दाणा असतो तो एका मुठीचा, आणि बारीक. पारवे फार येऊं लागले तर आठवडाभर तोहि नाहीं. शेजाऱ्याच्या वाळवणावर विष्ठा पडली तर आपलें पुण्य त्याला आवडणार नाहीं.

तिसरा प्रश्न मनाचा. एके दिवशीं शिक्रा निंबावरून बाणासारखा आला आणि आमच्या दाण्यावरची एक चिमणी घेऊन गेला. घरांत हळहळ झाली. शिक्र्याला हांकलून देण्याची भाषाहि झाली. पण त्याचींहि पिलें कोठें तरी झाडावर होतीं. आपण जेवावयास बोलाविलें तें चिमण्यांना. परंतु परस उघडें ठेवलें कीं तेथें सगळें रान येतें, त्यांत आपल्या आवडीचेच तेवढे निवडतां येत नाहींत. पाळीव मांजराची गोष्ट मात्र वेगळी. तें आपलें आहे, त्याला घरीं दूध आहे, आणि त्याला आवरणें आपल्या हातीं आहे.

तसेंच पिंजऱ्यांतल्या पोपटाविषयीं. सुशिक्षित घरांतूनहि तो अजून टांगलेला दिसतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें आपल्या देशांतील रानटी पोपट पकडणें व पाळणें गुन्हा आहे. कायद्याची गोष्ट सोडली तरी, पेरूची एक फोड भिंतीवर ठेवली असतां जो आपण होऊन येतो आणि खाऊन उडून जातो, तोच पोपट पाहण्यांत अधिक सुख आहे असा माझा अनुभव आहे.

आमच्या मुलीच्या वहींत आतां ३४ नांवें झालीं आहेत. त्यांतील निम्मीं तिनें आजीकडून आणि दूध घालणाऱ्या बाईंकडून मिळविलीं. मारुती चितमपल्ली यांनीं वनखात्यांत नोकरी करतांना रानांतल्या माणसांकडून पाखरांचीं नांवें गोळा केलीं आणि 'पक्षिकोश' सिद्ध केला. ते २०२५ सालीं निवर्तले. नांव ठाऊक झालें कीं पाखरूं निराळें दिसूं लागतें, हा त्यांच्या लिखाणाचा मला झालेला लाभ. वहींत फार लिहावयाचें नसतें: तारीख, वेळ, कोणतें पाखरूं, किती, आणि तें काय करीत होतें. दर फेब्रुवारींत चार दिवस जगभर घराजवळच्या पाखरांची गणना होते. ती अमेरिकेंत १९९८ सालीं सुरू झाली; २०१३ पासून भारतहि तींत आहे. निदान पंधरा मिनिटें एका जागीं बसून जें दिसेल तें मोजावयाचें, एवढीच अट. वाशीमच्या एका परसांतली ती पंधरा मिनिटें त्या मोठ्या हिशोबांत जमा होतात.

शेवटीं एक लहानशी गोष्ट. ज्वारीची ती जुडी आईच्या मनांतून गेली नव्हती. गेल्या पावसाळ्याच्या आरंभीं तिनें मोरीच्या पाण्यावर, भिंतीच्या कडेला, दोन मुठी ज्वारी टाकली. दसऱ्यानंतर कणसें भरलीं. पहिल्यानें चिमण्या आल्या, मग मुनिया. एके सकाळीं गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या दहा-बारा भोरड्या उतरल्या. या भोरड्या हिंवाळा काढावयास मध्य आशियाकडून आपल्याकडे येतात. शिवारांत ज्वारी होती तेव्हां त्यांचे थवेच्या थवे पिकावर पडत आणि शेतकरी गोफण घेऊन त्यांस हांकलीत. आमच्या भिंतीच्या कडेला त्या सकाळीं कोणी गोफण उचलली नाहीं. आई दारांत उभी राहून त्यांस मोजीत होती, आणि मुलगी वहींत लिहून घेत होती.

आपल्या घरीं परस नसेल तर गच्ची असेल, गच्ची नसेल तर खिडकी असेल. उद्यां सकाळीं एक मातीचें परळ धुवून, पाणी भरून, सावलींत ठेवा आणि तीन दिवस धीर धरा.